यंदाचा हिरो सावंत

मंडळी, आज सकाळी बोळिंजच्या आमच्या सोसायटीत माझं अभिनयाचं करिअर संपलं.

गणपतीत आम्ही दरवर्षी नाटक बसवतो. सोसायटी उभी राहिल्यापासून हिरो मीच. गोरा रंग, गुळगुळीत दाढी केलेली, बाजूला भांग. व्हिलन कायम बी विंगचे सावंत, कारण त्यांना भरघोस दाढी. वेगळा मेकअप लागतच नाही.

यंदा नाटक बसवतेय तिसऱ्या मजल्यावरची सायली. कॉलेजात आहे. तिने जाहीर केलं, "हिरो सावंतकाका."

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

"अगं, ते व्हिलन आहेत."

"काका, आता हिरो असाच असतो. सावळा, दाढीवाला, जरा विस्कटलेला. तुमच्यासारखा चकाचक माणूस दिसला की लोकांना वाटतं, हाच शेवटी दगा देणार."

म्हणजे यंदा व्हिलन मी. सावंत लाजून दाढी कुरवाळत विचारत होते, "मग गाण्यात मला नाचावं पण लागेल काय?"

घरी येऊन बायकोला विचारलं, "मी व्हिलन वाटतो का गं?"

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या आधी एक दाढीवाला मुलगा मला बघून गेला होता. मला आवडला होता. बाबा म्हणाले, हा व्हिलन दिसतो."

मी दुपारीच रेझर माळ्यावर टाकलाय.

दाढी राखलेल्यांनी सांगा, सुरुवातीला खाजते त्यावर काय लावता?