लाखोरी, बंडीचं चाक आणि पंगत

भंडाऱ्यात घराच्या पुढच्या खोलीतच आमची लॅब होती. मायक्रोस्कोप एकच. नवरा पॅथॉलॉजिस्ट, आणि तो उठला की त्या स्टुलावर बसायचा हक्क माझा, असं मी धरूनच चालले होते. लग्नानंतर मी त्याच्याच हाताखाली शिकले. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ कापायचा, काचेवर घेऊन निळा-गुलाबी रंगवायचा. काच चांगली निघाली की हाक यायची, "हे पाय वो!" की मी डोळा लावलाच.

पेशींची इंग्रजी नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून ह्यांनी मला गावची नावं दिली. जुन्या सुजेत बारीक, गोल, गच्च निळ्या पेशी दाटतात, त्या लाखोरी, धानाच्या बांधीत पेरतो त्या लाखेच्या डाळीचे दाणे. ज्यांच्या पोटात आरे दिसतात, त्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, चाक. ही बोली जगात आम्हा दोघांनाच येत होती आणि मला तिचा माज होता.

ऐंशी सालानंतर कोंढ्याची एक मुलगी टेक्निशियन म्हणून आली. नुकतीच शिकलेली, तोंडाची फटकळ. एकदा मी चहा घेऊन गेले तर बाईसाहेब स्टुलावर, आणि म्हणतात काय, "सर, इथं लाखोरी लय दाटून राहिली." चहा बशीत सांडला. माझी पैठणी तिला नेसायला दिली असती तरी एवढं झोंबलं नसतं. आमचे शब्द दिले होते ह्यांनी!

मग बपेऱ्याच्या एका बाईच्या मानेची गाठ आली. टीबीच्या गाठीत एक मोठी पेशी असते, तिच्या कडेकडेनं पुष्कळ केंद्रकं ओळीनं बसलेली असतात. पोरगी ओरडली, "सर, पंगत बसली!" हे खो खो हसले, आणि त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये त्या पेशीचं नाव पंगत झालं. वर तिनं विचारलं, "पर ह्या पेशी इथंच काहून जमल्या? ह्यायले बलावलं कोनं?" ह्यांनी हातातला पेन ठेवला आणि समजावत बसले. जेवण निवून गेलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

पुढे हाक तिलाच जाऊ लागली. घर की मुर्गी दाल बराबर! एका दुपारी ती घरी गेल्यावर मी सरळच विचारलं, "मले कायले बलावत नाही आता?"

"ते पोरगी विचारते," हे म्हणाले. "तू कधी काही विचारलं?"

"विचाराले येळ लागते. तिचा भात चुलीवर नसते."

वाटलं, भांडण होईल. पण हे उठले, लॅबमध्ये जाऊन काच लावली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बस. भात मी पायतो. पायजे तेवढा येळ घे आन् विचार."

मी बसले. काचेवरचं सगळं मला ओळखू येत होतं, एकही पेशी चुकली नाही. भात उतरवून हे परत आले, दाराला टेकून उभे राहिले, वाट पाहत. मला विचारायला काहीच सुचेना.

त्या पोरीचा एवढा हेवा मला आधी कधी वाटला नव्हता.