बरणीतला बेवारस मासा

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात धूळ आणि किस्से सारख्याच वेगाने साचतात. धूळ निदान दिवाळीला झाडतात. मी तिथली क्युरेटर, त्यामुळे दोन्ही माझ्याच माथी.

पाटणकर सर प्रवाळातल्या माशांचे तज्ज्ञ. जन्म इथल्याच, काशीतल्या दुर्गाघाटाचा, घराणं भिक्षुकांचं, जेवण शुद्ध शाकाहारी. एकदा किनाऱ्यावरच्या गावी सेमिनारला गेले. शेजाऱ्याच्या ताटातल्या ‘पापलेट’चे काटे मोजून त्यांनी वेगळ्याच, स्वस्त माशाचं नाव सांगितलं. यजमान पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

फुलपाखरू माशाच्या शेपटीजवळ खोट्या डोळ्यासारखा ठिपका असतो. शत्रू तेच तोंड समजून भलत्या टोकाला चावतो. वर्गात हे शिकवताना सर म्हणाले, “आमचं ऑफिस अर्ज असाच वाचतं.” हेडक्लार्क दारातच उभे होते. सरांची रजा महिनाभर अडकली.

*

परीक्षेत एका मुलाने माशाचं नाव अचूक लिहिलं आणि अधिवासाच्या रकान्यात, ‘गोदौलिया, ॲक्वेरियमचं दुकान, खालचं शेल्फ.’ सरांनी जाब विचारला तर म्हणतो, “सर, हमें तो वहीं मिली थी।” सरांनी अर्धा मार्क दिला. खोटं तर लिहिलं नव्हतं ना!

*

सरांच्या रिटायरमेंटच्या महिन्यातच ऑर्डर आली: बिननावाच्या बरण्या फेकून द्या, कमिटी तपासायला येईल. तशी एकच उरली होती. रंग उडालेला, काटे तुटलेले, चिठ्ठी कधीच गळून गेलेली. सर कितीतरी वर्षं त्या माशाचं नाव शोधत होते. आता तो कचऱ्यात जाणार म्हणून त्यांना जेवण जाईना. मलाही फार वाईट वाटत होतं.

कमिटी येण्याच्या आदल्या दिवशी सरांचे थोरले बंधू डबा घेऊन आले. ते घाटावर श्राद्धं चालवतात. सगळं ऐकून म्हणाले, “अरे, यजमानाला गोत्र ठाऊक नसलं की आम्ही काश्यप म्हणतो आणि पुढे जातो. पितरांची अजून तक्रार नाही.”

सर भडकले. हे सायन्स आहे, म्हणाले, आणि दादांना डब्यासकट परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या अध्यक्षांनी ती बरणी उचलली. त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात नवं लेबल होतं: ‘नाव: अज्ञात. गोत्र: काश्यप. वास्तव्य: काशी.’

अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं. बरणी दोन्ही हातांनी जागेवर ठेवली आणि हलकेच विचारलं, “इनके परिवार में कोई बचा है?”

“जी, मैं हूँ,” सर म्हणाले.