भागाकार नसलेली भाषा

मंगळवारी सकाळी अण्णा गेला. माझा थोरला भाऊ. संगणकाच्या भाषांत भर घालणारी माणसं बेंगळुरूत गल्लोगल्ली सापडतील. त्यांतून शब्द काढून टाकण्यात आयुष्य घालवणारा तो एकटाच होता.

सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन तो बनशंकरीला आमच्याकडे राहायला आला, तो स्वतः घडवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊनच. तिच्यात नवा शब्द घ्यायचा तर एक जुना काढायचा, हा त्याचा नियम. घरालाही तोच. मी मिक्सर आणला तेव्हा त्याने विचारलं, "मग आता घरातून काय जाणार?"

"तू," मी म्हटलं.

"सरी," म्हणाला, म्हणजे कन्नडमध्ये 'ठीक आहे', आणि पिशवी भरून बसस्टॉपपर्यंत जाऊनही आला.

भाषेची परीक्षा माझ्यावर व्हायची. मी ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. अण्णा चहाबरोबर एकेक नियम समजावायचा. चहा संपेपर्यंत मला कळला नाही तर नियम बाद. भागाकाराच्या दिवशी मी विचारलं, "आणि शून्याने भागलं तर?" तो अपवाद सांगायला लागला, मग त्या अपवादाचे अपवाद. चहावर साय धरली. त्याने कप बाजूला सरकवला आणि भाषेतून भागाकारच काढून टाकला.

माझा मुलगा रोहित व्हाइटफील्डला प्रोग्रॅमर आहे. तो कपाळावर हात मारायचा.

"मामा, साधी सरासरी काढायला पानभर लिहावं लागतं! तू गुंता काढला नाहीस, लिहिणाऱ्याच्या गळ्यात घातलास."

"वजाबाकी कर की परत परत. स्वल्प वेळ लागेल."

"आणि चुकलो तर?"

"तर कुठे चुकलास ते दिसेल. तुमच्या भाषांत चूकसुद्धा सापडत नाही."

रोहितचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या भाषेत लिहून माझीही बोटं दुखली आहेत.

परवा तो म्हणाला, "आई, मामाची भाषा इंटरनेटवर ठेवतो, कुणालाही वापरता येईल. फक्त भागाकार घालू दे. नाहीतर कुणी बघणार नाही आणि मामाचं नावही पुसलं जाईल."

"नाही बघितलं तर नाही."

"हट्टाला पेटलीयेस तू."

"हो. भागाकार हवा तर तुझ्या नावाने नवी भाषा काढ. हिला हात लावायचा नाही."

अण्णाला आयुष्यभर सगळ्यांनी "आणखी थोडं घाल" म्हटलं, आणि तो नाही म्हणत राहिला. तो गेला म्हणून त्याच्या वतीने मी हो म्हणणार नाही.

रोहितने लॅपटॉप उघडला. मग त्याने ती भाषा होती तशीच इंटरनेटवर ठेवली.

अजून कुणी ती उघडलेली नाही. वाचता येणारे आम्ही दोघं आहोत.