सोमनाथच्या राखणीतला बिबट्या

डिंगोऱ्याच्या सोमनाथला ओतूरजवळच्या लहानशा प्राणिसंग्रहालयात काम लागलं, तेव्हा घरची मेंढरं विकून झाली होती. आदल्या साली रानातल्या मेंढरांच्या वाड्यावर बिबट्यानं त्याच्या बायकोला, पुष्पाला, धरलं होतं. ती वाचली, पण डावा हात कोपरात कायमचा आखडला. त्यानंतर रानात मुक्काम करायची हिंमत दोघांतही उरली नाही.

संग्रहालय म्हणजे काय, चार चितळं, थोडे मोर, एक तरस आणि शेवटच्या पिंजऱ्यात बिबट्या. तो डिंगोऱ्याच्याच उसात सापडलेला. पुष्पावर झडप घालणारा हाच, असं गावानं ठरवून टाकलं होतं. त्याला मटण टाकायचं आणि त्याचा पिंजरा धुवायचा, हे काम सोमनाथच्याच वाट्याला आलं.

रविवारी गर्दी व्हायची. लोक मोबाईल उगारून विचारायचे, "भाऊ, तुमच्या मालकिणीला धरलं व्हतं त्यो ह्योच का?"

"काय म्हाईत," तो सांगायचा. पुढं पुढं नुसती मान हलवायचा. ती कशीही हलली तरी लोक फोटो काढायचेच. काहीजण खडे मारायचे. ते वेचून काढायचं कामही त्यालाच.

घरी आला की आधी अंगणात अंघोळ, कडाक्याच्या थंडीतही. अंगाला बिबट्याचा वास राहिला तर पुष्पा शेजारी जेवायला बसायची नाही.

एक दिवस तीच म्हणाली, "मला एकदा दावा त्याला."

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी तो तिला घेऊन गेला. बिबट्या भिंतीला टेकून पडला होता. गज चावून चावून सुळे तुटलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यानं मानसुद्धा उचलली नाही. पुष्पा बराच वेळ बघत राहिली.

"ह्योच का?" सोमनाथनं विचारलं, आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं.

"अंधार व्हता वो. मी कुठं तोंड बघितलं त्याचं?" मग म्हणाली, "पाणी लई घाण झालंय त्याचं. बदला."

त्यानं पाणी बदललं. ती चिंचेखाली बसून रडली. येताना एसटीत ती त्याच्या खांद्यावर झोपून गेली.

पौषात बिबट्या मेला. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, संग्रहालयाच्या साहेबांसमोर लाकडं रचून त्याला जाळलं. रविवारी लोक आले, रिकामा पिंजरा बघून म्हणाले, "बरं झालं, मेला."

सोमनाथ रिकामा पिंजरा झाडत राहिला. होळीनंतर त्यानं पिंजऱ्याची चावी साहेबांपुढं ठेवली.

"का रं? दुसरा बिबट्या येतोय की पुढच्या महिन्यात."

"दमलो, साहेब."

आता तो ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलतो. पुष्पा शेजारीच बसून उजव्या हातानं कांदा निवडते. दुपारी भाकरी खाऊन दोघं गोण्यांच्या सावलीला जरा आडवी होतात.