पमाच्या गालांवरचं ऊन

अन्वी, ईशान — आता जे लिहिणार आहे, ते मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. तुमच्या आजोबांजवळसुद्धा नाही. ते गेले तेव्हा मनात आलं होतं, आता तर सांगायला कुणी उरलंच नाही — आणि मला हलकं वाटलं होतं. किती वाईट ना? तुम्ही मला ओळखता. माझ्या डब्यांवर नावं असतात, कपाटातले टॉवेल एका घडीचे असतात. ही गोष्टही तशीच नीट लावून सांगावी म्हणून बसले आहे, पण ती काही सरळ येत नाही.

मागच्या रविवारी, अन्वी, तू कॅमेऱ्याजवळ गाल आणून मला मुरुमांचे खड्डे दाखवलेस. लेझर करून घेऊ का, असं विचारलंस. मागून तुझी आई म्हणाली, "घे करून, पण माझ्यासारखा मूर्खपणा करू नकोस. मी उन्हात गेले आणि चेहरा बिघडवून बसले." ती हसत म्हणाली. मीही हसले. फोन ठेवल्यावर मात्र कागद-पेन काढलं.

कारण ती उन्हात गेली म्हणून काही झालं नव्हतं.

थांबा, आधीचं सांगते. तुमच्या आईला कॉलेजात असताना खूप मुरुमं आली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिची ती वर्षं कडुलिंबाचा लेप आणि मुलतानी माती यांतच गेली. मुरुमं गेली, पण दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेली. तिला त्याचं काही वाटत नसे. एम.एस्सी. झाली, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये लागली. रोज स्कूटरवरून जायची, लोखंडाचे नमुने तपासायची, संध्याकाळी हातांना धातूचा वास घेऊन यायची. आजोबांची थोरली बहीण, आमची शिवाजी पेठेतली आक्का, तर म्हणायची, "खड्डं काय, रस्त्यालाबी हाईत की! म्हणून गावात कोण येत न्हाय व्हय?"

त्या खड्ड्यांचं वाटायचं ते मला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, रूपापेक्षा गुण मोठे असं मुलींना सांगत होते — आणि घरी येऊन स्वतःच्या मुलीकडे खिडकीच्या उजेडात पाहत होते. पमाचा, तुमच्या आईचा, रंग गव्हाळ. स्थळांना सांगताना मी 'गोरी' म्हणत असे. इतक्या सहज, की मला ते खोटं वाटतच नसे. मोठ्या खोट्याची तयारी अशीच होते का?

मग तुमच्या बाबांचं स्थळ आलं. अमेरिकेत इंजिनिअर, डिसेंबरात येणार. त्याच सुमाराला कळलं की पुण्याचे एक त्वचारोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा लेझरचं यंत्र घेऊन कोल्हापुरात येतात. उजेडानं खड्डे भरून निघतात! आमच्या पिढीला हे किती अद्भुत वाटलं असेल, कल्पना करा. मी त्याबद्दल मिळेल ते वाचलं. इंग्रजी येत होतं ना! आणि त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली होती. गोऱ्या युरोपीय कातडीवर हा उपचार तुलनेनं सोपा. पण आपल्यासारख्या कातडीत — भारतीय, चिनी, जपानी — रंग बनवणाऱ्या पेशी जाग्या असतात. त्यांना उष्णता लागली की त्या जास्त रंग बनवू लागतात, आणि खड्ड्यांच्या जागी काळे डाग पडतात. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, जखम बरी झाल्यावर तिथे काळा डाग राहतो का?

राहत होता. मला ते माहीत होतं. दहावीत पोळ्या करताना पमाच्या मनगटाच्या वर तवा लागला होता. नाण्याएवढी जागा. ती एम.एस्सी. झाली तरी तो डाग गडद तपकिरी होता. डास चावला तरी महिनाभर खूण राहायची.

त्या दिवशी सकाळी मी तिला पूर्ण बाह्यांचा ड्रेस काढून दिला. ऑक्टोबर होता. कोल्हापुरातला ऑक्टोबर! "आई, उकडतंय गं," ती म्हणाली. मी म्हटलं, दवाखान्यात एसी असतो.

का दिला मी तो ड्रेस? तेव्हा विचारलं असतं तर कदाचित मलाच सांगता आलं नसतं. आता येतं.

दवाखान्यात तिच्या चेहऱ्यावर बधिर करणारं मलम लावून तिला आतल्या खोलीत झोपवलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी तोच प्रश्न इंग्रजीत विचारला. पमाला त्यांनी आधी विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, माझं लक्ष नसतं, आईला विचारा. मग त्यांनी मला समजावलं — डाग राहत असेल तर आज फक्त कानामागे छोट्या जागेवर करून पाहू, एक-दोन महिने वाट पाहू, मग कमी ताकदीनं सुरुवात करू.

म्हणजे डिसेंबर गेला.

मी म्हटलं, "नो, डॉक्टर. नेव्हर." एवढ्यावर थांबले नाही. तिची त्वचा फार सुरेख भरून येते, असंही जोडलं. चांगल्या, शुद्ध इंग्रजीत. त्यांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी प्राध्यापिका, मुलीची आई.

मग त्यांनी मला काळा चष्मा देऊन आत उभं राहू दिलं. ते मी कधी विसरणार नाही. आधी एक लाल ठिपका, मोहरीएवढा, पमाच्या गालावर हलत होता. मग टक्, टक्, टक् — आणि जिथे तो थांबे तिथे बारीक ठिपक्यांचा पांढुरका चौकोन उमटे. केस जळल्याचा बारीक वास आला. हात न लावता, सुरी न लावता, उजेड माणसाची कातडी सोलत होता! माझे हात आपोआप जोडले गेले. मी खोटं बोलून आले आहे हे त्या क्षणी मी अगदी विसरले होते, खरंच सांगते.

आठवडाभर खपल्या. त्या पडल्या तेव्हा आतून जी कातडी आली ती तान्ह्या बाळाची होती — गुलाबी, ओलसर. तुम्ही दोघं जन्मलात तेव्हा मी तुमचे गाल पाहून दचकले होते. का, ते आता कळेल.

महिना होत आला आणि गाल काळे पडू लागले. नुसते काळे नाही. लेझर जसा चौकोनाला चौकोन लावत गेला होता, तसेच चौकोन उमटले. एकेक कड स्पष्ट. एकेक ठिपका जागच्या जागी. मी घाबरले, रडले — पण त्यातही मनाचा एक कोपरा थक्क होऊन पाहत होता. कातडीला सगळं लक्षात होतं. कुठे किती भाजलं ते तिनं अचूक लिहून दाखवलं होतं. उन्हापासून वाचायला ती रंग बनवते ना? मग जखम झाली असं समजून तिनं आपल्या परीनं तिथे सावली धरली. बिचारी आपलं काम करत होती. खोटं फक्त मी बोलले होते.

डॉक्टरांना पुण्याला फोन लावला. त्यांनी पुन्हा विचारलं, आधी कधी असे डाग राहिले नव्हते ना? दुसरी संधी. मी पुन्हा 'नाही' म्हटलं. "मग ऊनच लागलं असणार," ते म्हणाले. "बाहेर गेली होती का?"

गेली होती. एक दिवस भट्टीचा माल बिघडला म्हणून कंपनीतून बोलावणं आलं, आणि ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, क्रीम लावून स्कूटरवरून कागलला जाऊन आली. तेवढंच.

मी फोन ठेवला, तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "गेलीस ना उन्हात? आता बघ."

हे ते वाक्य. लेझरचं खोटं भीतीपोटी बोलले असं कुणी म्हणेलही, पण हे? हे वाक्य मी तिच्या काळ्या पडलेल्या चेहऱ्यासमोर उभं राहून म्हटलं. ती केमिस्ट, कारण सापडलं की मान्य करणारी. "हो गं आई, माझंच चुकलं," म्हणाली. आणि उलट माझीच समजूत घालत बसली.

डिसेंबरात तुमचे बाबा आले. मी पावडर पुढे केली. तिनं ती बाजूला सारली आणि तशीच बाहेर आली, चौकोनांसकट. बिनकांद्याचे पोहे पुढे ठेवत आक्का म्हणाली, "पावणं, गालाला फरशी घातलीया आमच्या पोरीनं. पन पाया पक्का हाय." सगळे हसले. बाबांनी विचारलं तेव्हा पमानं सांगितलं, लेझर केलं, मग उन्हात गेले, माझाच मूर्खपणा. ते म्हणाले, मीही हेल्मेट घालत नाही. संध्याकाळीच होकार आला.

म्हणजे खोट्याची गरजही नव्हती. खड्डे असतानाही ते हसलेच असते.

डाग जायला दोन वर्षं लागली. मलमं, उन्हाळे, सतत डोक्यावर छत्री. लग्नाच्या फोटोंत ती तोंड थोडं वळवून उभी आहे. तुम्ही विचारता, आई कॅमेऱ्याकडे का बघत नाही? मी म्हणते, लाजतेय.

दरवर्षी पर्युषण संपलं की आपल्या जैन रीतीनं मी तिला फोन करून 'उत्तम क्षमा' म्हणते. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर माफ कर, असं म्हणते. त्या 'असेल'च्या आड मी इतकी वर्षं बसले. या वर्षी ते म्हणणार नाही.

अन्वी, तुझी कातडी तुझ्या आईची आहे. गुडघ्यावरचा तुझा सायकलचा डाग मी पाहिला आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा उत्तर 'हो' आहे.

तुम्हाला मी नेहमी इंग्रजीत लिहिते. हे मराठीत लिहिलं, कारण मराठी तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे तुमची आईच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवेल.

पमा, ऊन नव्हतं. डॉक्टरांनी मला दोनदा विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं.