बिनओळखीच्या फोनसाठी लहान पान

करुणाचा फोन आला तेव्हा मी दुपारच्या टायपिंगच्या बॅचला शिकवत होते. ती राजरत्नची धाकटी बहीण. फोन केला की आधी "मॅडम, कामात आहात का?" असं विचारायची. त्या दिवशी तिने ते विचारलं नाही. "दादा गेला," एवढंच म्हणाली... मुलं आपली टकटक करत राहिली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. राजरत्नला जन्मापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. छातीत दुखायला लागलं म्हणून त्याला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. रक्त मिळालं, देणारे बोलावण्याआधीच आले, पण या वेळी फुप्फुसांनी साथ दिली नाही. चाळिशी त्याने नुकतीच ओलांडली होती. लहानपणी एका डॉक्टरने त्याच्या आईला सांगितलं होतं, हा पोरगा विशी पाहणार नाही. राजरत्न हे सगळ्यांना हसत सांगायचा. "वीस वर्सं वरची जगून राहिलो, मॅडम. आता कायची घाई?"

आमची ओळख गोंदियातल्या एका कॉम्प्युटर क्लासमधली. दोन हजार सालाच्या आगेमागे मी तिथे शिकवायला लागले आणि वर्षभरात तोही आला. रोज सौंदडहून गाडीने यायचा, खांद्याला झोळी, झोळीत पाण्याची मोठी बाटली. पाणी कमी पडलं की सांधे दुखायचे, थंडीत तर बोटं वाकत नसत, पण खोलीत शिरताना त्याची चाल अशी असायची की आजारी माणूस कोण हे नवख्याला ओळखता आलं नसतं. तो सर्व्हरचं, म्हणजे वेबसाईट चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, काम आपला आपण शिकला होता. स्वतःसाठी रक्त शोधता शोधता त्याच्याजवळ रक्त देणाऱ्यांची एक वही तयार झाली होती. कोणत्या गावात कोण, गट कोणता, घरी केव्हा असतो. ती वही त्याने वेबसाईटवर चढवली, देणाऱ्या प्रत्येकाला विचारून. पानं मी बनवली. कॉम्प्युटरसाठी मोठं, चित्रांचं पान आणि मोबाइलसाठी लहान, नुसत्या अक्षरांचं. कोण आलं आहे, मोबाइल की कॉम्प्युटर, ते पाहून आमचा सर्व्हर त्याला त्याचं पान द्यायचा.

दोन हजार दहाच्या सुमाराला साईट बरीच चालायला लागली. कुठे रक्त हवं असलं की निरोप पसरायचा, शेकडो लोक एकदम उघडायचे आणि आमचा भाड्याचा छोटा सर्व्हर मान टाकायचा. राजरत्नने त्याच्यापुढे दुसरा एक सर्व्हर बसवला, कॅशिंगचा. त्याचं काम एवढंच, की एकदा तयार झालेलं पान आपल्याजवळ ठेवायचं आणि पुढच्या येणाऱ्याला तेच द्यायचं. मला ते त्याने पोह्याच्या ठेल्यावर, ठेलेवाल्याच्या रश्श्याच्या पातेल्याकडे बोट दाखवून समजावलं होतं. "हा दर गिऱ्हाइकामागं नवीन तर्री शिजवते का? भगोनं भरून ठेवते, नुसतं वाढते." साईट एकदम पळायला लागली. आम्ही दोघं खूश होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ क्लासचा पत्ता विचारत आले. पायजमा, हातात पिशवी, बसमधली धूळ अंगावर. त्यांनी आपला बटनांचा मोबाइल टेबलावर ठेवला आणि विचारलं, "रक्ताच्या यादीवाले कोन?" त्यांचं नाव बिसनभाऊ. देवरीकडे शेती. नववीतली मुलगी गोंदियात भरती होती, तिलाही सिकलसेलच. घरच्या कोणाचं रक्त जुळत नव्हतं. देवरीतच कोणी भेटतं का म्हणून सकाळी त्यांनी आमची साईट मोबाइलवर उघडली. अर्धं पान आलं आणि फोन अडकला. पुन्हा उघडली, पुन्हा अडकला. मग ते बसमध्ये बसून दोन तासांनी आमच्याकडे पोचले. राजरत्नने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर यादी काढली. त्या गटाचा माणूस सापडला... तो देवरीचाच होता. ज्या स्टँडवरून बिसनभाऊ बसमध्ये चढले, त्याच्या मागच्याच गल्लीत राहणारा.

फोन लावला. तो भला माणूस लगेच निघतो म्हणाला. पण त्यालाही तोच रस्ता, तेच दोन तास. मधल्या वेळात राजरत्नने बिसनभाऊंचा मोबाइल हातात घेतला, काय दिसतं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यांच्या फोनवर मोठं पान येत होतं. कॅशिंगच्या सर्व्हरला फोन आणि कॉम्प्युटर यांतला फरकच माहीत नव्हता. आधी कोणीतरी कॉम्प्युटरवरून येऊन गेलं होतं आणि त्याचं पान हा सर्व्हर सगळ्यांना वाढत बसला होता. मी त्याला हळूच म्हटलं, सांगू नका, त्यांना आधीच काय कमी काळजी आहे. पण तो उठून बिसनभाऊंच्या समोर जाऊन बसला.

"भाऊ, तुमचा फोन चांगला आहे. चूक माझी आहे. परवा मीच एक नवीन यंत्र लावलं, त्याच्यानं तुमचं पान अडकलं."

बिसनभाऊंनी मोबाइल परत घेतला. "म्हनजे मी घरूनच फोन लावला असता?"

"हो."

"चूक सापडली ना? मंग दुरुस्त करा. मी पुन्हा सांगाले येनार नाही."

दिवस मावळायच्या आत मुलीला रक्त चढलं. ती बरी होऊन घरी गेली, हे आधीच सांगून टाकते. राजरत्नने मात्र त्याच दिवशी कॅशिंग बंद केलं आणि म्हणाला, "साईट हळू चालली तं चालते. पन कोनाले परत पाठवाचं नाही."

पुढचा महिनाभर आम्ही फोन गोळा करत फिरलो. प्रत्येक फोन साईटवर येताना एक ओळ पाठवतो, मी कोण, कोणत्या कंपनीचा, कोणता ब्राउझर. ती ओळ कॅशिंगच्या सर्व्हरनेच दारात वाचावी, येणाऱ्याला साधा फोन, टचचा फोन किंवा कॉम्प्युटर अशा तीनपैकी एका गटात टाकावं आणि प्रत्येक गटाचं पान वेगळं सांभाळावं, असं त्याने ठरवलं. टचच्या फोनसाठी मी तिसरं, मधल्या आकाराचं पान बनवलं. मी म्हटलं, दर फोनसाठी वेगळंच पान ठेवू की. तो हसला. "हजार फोन, हजार भगोनी. मंग कॅशिंग कायले पाहिजे?" गट तीनच, पण कोणता फोन कुठे बसतो हे पाहायला फोन हातात हवा. म्हणून तो स्टेशनबाहेर ऑटोवाल्यांमध्ये जाऊन उभा राहायचा. "भैया, एक मिनट मोबाइल दिखाना." सुरुवातीला लोक संशयाने पाहत, मग रक्ताच्या यादीचं ऐकून स्वतःहून फोन पुढे करत. पुढे पुढे तर ऑटोवाले त्याला हाक मारायचे, "सर, नया मॉडेल आया है, चेक कर लो."

एका ऑटोवाल्याच्या दोन सिमच्या स्वस्त फोनने ओळखीची ओळच पाठवली नाही. कोरी. तिथेच आमचं भांडण झालं. ज्याची ओळख पटत नाही त्याला कोणतं पान द्यायचं? मी मोठ्या पानाच्या बाजूने होते. चार दिवस खपून मी ते सजवलं होतं, दवाखान्यांतले डॉक्टर ते कॉम्प्युटरवर पाहत. अनोळखी म्हणजे एखादा नवा भारी ब्राउझर असला तर? तर त्याला आमची साईट गरीब दिसेल.

"दिसू द्या," राजरत्न म्हणाला. "मोठ्या मशीनवर लहान पान उघडते. लहान फोनवर मोठं पान उघडत नाही. ज्याची ओळख नाही पटत, त्याले लहान पान. बस."

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या लहान पानाचा प्रिंट भिंतीवर चिकटवला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं सगळ्यात चांगलं काम हे आहे." मग कॅशिंग पुन्हा सुरू झालं आणि त्यानंतर कधी बंद पडलं नाही. त्याने पहिला फोन देवरीला लावला. बिसनभाऊंनी साईट उघडून पाहिली, उलटा फोन करून "आली," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. या एका शब्दावर राजरत्न दिवसभर शीळ घालत होता.

पुढची वर्षं भराभर गेली. क्लास बंद झाला, मी स्वतःचा सुरू केला. तो सौंदडला घरूनच काम करायला लागला. सगळ्यांच्या हाती टचचे फोन आले. साध्या फोनचं लहान पान आता काढून टाकू, कोण वापरतं, असं मी दोनतीनदा म्हटलं. तो म्हणायचा, "राहू द्या जी. जागा कितीक लागते त्याले?"

मागच्या रविवारी करुणाने मला सौंदडला बोलावलं. साईट कोणीतरी सांभाळायला हवी होती. राजरत्नच्या खोलीत बसून मी ती फोन ओळखायची फाइल पहिल्यांदा नीट वाचली. नियमांच्या मध्ये त्याने आपल्या बोलीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. एका फार जुन्या मॉडेलचा नियम मी काढायला घेतला, तर त्याखाली लिहिलेलं, "सालेकशाच्या आशाताईचा फोन. काढाच्या आधी तिले विचारा." आणि नंबर.

मी नंबर लावला. साईटवरून बोलते म्हटलं, आणि मी कोण हे सांगायच्या आतच पलीकडची बाई म्हणाली, "साईटवाले का? यंदा उशीर केला जी. सर दरसाल फोन करते, फोन चालू आहे का विचाराले. सर कसे आहेत?"

मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने कधी सांगितलं नव्हतं. मी सर गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोन चालू आहे, बाई. त्याच्यावरच बोलून राहिली मी."

नियम मी होता तसा ठेवला. खाली अशी आणखी अकरा नावं होती. करुणा चहा ठेवून गेली, आणि मी पुढचा नंबर लावला.