पडत्या रॉकेटची वेळ

दुष्काळाच्या त्या वर्षी जनावरं बीडजवळच्या पालीच्या चारा छावणीत होती, म्हणून आमच्या महिला दूध संस्थेचं संकलनही तिथेच चालायचं. मी संस्थेची सचिव. पहाटे बायका कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिल्या की मी गळ्यात दुर्बीण अडकवून टेबलामागे. चेष्टा भरपूर झाली, मी लक्ष दिलं नाही.

उपग्रह सोडून झाल्यावर रॉकेटचा रिकामा टप्पा पृथ्वीभोवती फिरत राहतो, रोज थोडा खाली येतो आणि शेवटी हवेत शिरून जळतो. तो कधी, कुठे पडेल याचा माग काढणारे हौशी लोक देशोदेशी आहेत. तो कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला, एवढं प्रत्येकाने त्यांच्या सामायिक यादीसाठी ईमेलने कळवायचं. मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: तुम्ही म्हणता त्या वेळी टप्पा ब्रह्मदेशावर होता, नोंद धरता येत नाही. मला असा संताप आला! डोळ्यांनी पाहिलेलं हे लोक खोटं ठरवणार? बीडची एक तरी नोंद त्यांच्या यादीत घालायचीच, असं मी ठरवून टाकलं.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळ्या काकू म्हणत. त्यांच्यापाशी मी तणतणले, तर त्यांनी शांतपणे विचारलं, "टाइम कोन्त्या घड्याळात बगतीस गं तू?"

मी कपाळावर हात मारला. टँकर यायच्या आत बायकांनी दूध घालावं म्हणून संस्थेचं घड्याळ मीच पाच मिनिटं पुढे करून ठेवलं होतं. वर रोजचा वाद नको म्हणून माझा मोबाइलही त्याच्याशी जुळवला होता. आणि पाच मिनिटांत टप्पा बीडवरून थेट ब्रह्मदेशावर पोचतो. त्याच दिवशी रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकून मोबाइल सेकंदावर लावला. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र हात लावला नाही.

टप्पा आता पडायच्या बेतात होता, दुसरी पहाट ही शेवटचीच संधी. दुधाचं माप काकूंनी स्वतः घेतलं आणि मी पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिले. ठरलेली वेळ गेली. वर दहा मिनिटं गेली. फटफटलं, तारे विझले, काहीच आलं नाही. मला रडू फुटलं.

"न्हाई आलं तर न्हाई आलं म्हून लिव्ह," काकू म्हणाल्या. "पन टाइम बरोबर लिव्ह."

तेवढंच कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं. टप्पा तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच पडला हे तुमच्या नोंदीमुळे पक्कं झालं, यादीत घेतली आहे, आभार.

काकूंना मी ते मराठीत सांगितलं. वर्षभर आम्ही सगळ्याच आभाळाकडे बघून काही आलं नाही म्हणत होतो. ते पहिल्यांदाच कुणीतरी लिहून घेतलं होतं.